दोन दिवस बघू, मग सेव्ह करू

हॉस्पिटलात त्याला चिकटराव म्हणत आणि घरी नुसतं चिकट्या. दिसेल त्या वस्तूवर चिठ्ठी चिकटवायची ही त्याची लहानपणापासूनची खोड. चौथीत असताना त्याने डब्याच्या झाकणावर ‘झाकण’ असं लिहून चिकटवलं होतं, हे त्याची ताई आजही शपथेवर सांगते. पुढे याच खोडीचा पगार मिळायला लागला. पाच मजल्यांच्या त्या हॉस्पिटलात कॉम्प्युटरच्या जेवढ्या वायरी होत्या, तेवढ्यांच्या दोन्ही टोकांना त्याच्या हातची चिठ्ठी होती: कुठून आली, कुठे गेली, कधी टाकली. आपण एखाद दिवस आलो नाही तरी काम अडू नये, असं तो म्हणायचा. आलो नाही तर अडावं, अशी आतून इच्छाही असायची. ती कोणाला नसते?

ही नोकरी त्याला भावोजींनी लावून दिली होती. भावोजी म्हणजे ताईचे यजमान, त्याच हॉस्पिटलातले इलेक्ट्रिशियन. तीस वर्षं एकाच इमारतीत काढलेले. चिकट्याचा डिप्लोमा झाला तो त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात राहून. वायर सोलायची कशी, तांबं न दुखवता आवरण कसं काढायचं, हे त्यांनीच त्याला शिकवलं, आणि मग एक दिवस हॉस्पिटलच्या तेव्हाच्या साहेबांच्या दारात उभं राहून, आयुष्यात पहिल्यांदा कोणापुढे शब्द टाकला तो या मेव्हण्यासाठी. बोलणं बेताचं, काम चोख. झालेलं काम ते तीनदा तपासत. एकदा टेस्टर लावून, एकदा मीटर लावून, आणि तिसऱ्यांदा चहा पिऊन आल्यावर, कारण चहाच्या आधी माणसाला घाई असते, असं त्यांचं म्हणणं. तीस वर्षांत त्यांच्या नावावर एक शेरा नव्हता. हे ते बोलून दाखवत नसत, पण ताई दाखवायची.

नेटवर्कचे ते स्विच पहिल्यांदा आले तेव्हा भावोजींनी एक हातात घेऊन उलटसुलट बघितला होता. चपटा पत्र्याचा डबा, पुढे चोवीस भोकं, प्रत्येक भोकाला एक इवलासा हिरवा दिवा. “कसला रे हा स्विच?” ते म्हणाले. “याला चालू-बंदचं बटणच नाही.” तेव्हापासून त्या दोघांच्यात त्याला डबाच म्हणायची पद्धत पडली.

तर असे पाच डबे होते, दर मजल्याला एक. तळमजल्याचा मुख्य. तिथून तिसऱ्या मजल्यावरच्या लॅबला एकच वायर जात होती, आणि एकदा छताचं काम करणाऱ्या सुताराने ती कापली. दिवसभर रक्ताचे रिपोर्ट अडकून पडले. हॉस्पिटलच्या अधीक्षक मॅडमनी फर्मान काढलं, दुसरी वायर टाका. सांगायला सोपं. पण दोन वाटा मिळाल्या की डब्यांचं डोकं फिरतं. एका वाटेने गेलेला निरोप दुसरीने परत येतो, डब्याला तो नवाच वाटतो, तो पुन्हा सगळीकडे पाठवतो. एकाचे दोन, दोनाचे चार, आणि मिनिटभरात असा कल्ला माजतो की कामाचा एक शब्द पुढे सरकत नाही.

यावर उतारा म्हणजे स्पॅनिंग ट्री. ही डब्यांनी आपसात पाळायची शिस्त. सगळे मिळून एकाला मुख्य मानतात, त्याच्यापर्यंत प्रत्येकाची एकच वाट चालू ठेवतात आणि जादा वाट झोपवून टाकतात. चालू वाट तुटली की झोपलेली उठते. मुख्य कोण, हे आपण नेमून दिलं नाही तर ज्याचा नंबर सर्वांत लहान, म्हणजे बहुधा जो सर्वांत जुना, तो मुख्य होऊन बसतो, त्याला झेपो न झेपो. घराघरात हेच चालतं, त्यामुळे चिकट्याला हा धडा कधी जड गेला नाही.

आधीच्या ठेकेदाराने ही शिस्त पाचही डब्यांत बंद करून ठेवली होती. एका शुक्रवारी दुपारी चिकट्याने एकेका डब्यापुढे बसून ती चालू केली, तळमजल्याला मुख्य नेमलं, दुसरी वायर जोडली. मग मॅडमना बोलावून त्यांच्या डोळ्यांदेखत पहिली वायर उपटली. लॅबच्या कॉम्प्युटरने जरा दम खाल्ला आणि पुन्हा चालू लागला. मॅडम “वा” म्हणाल्या. त्या सहसा म्हणत नसत.

आता या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खातं. डब्याला दिलेला हुकूम तो लगेच पाळतो, पण लक्षात ठेवत नाही. लक्षात ठेव म्हणून वेगळं सांगावं लागतं, म्हणजे सेव्ह करावं लागतं. नाही केलं, तर वीज जाऊन आली की डबा आपल्या जुन्या हुकमावर परत. आणि मुरलेली माणसं मुद्दामच लगेच सेव्ह करत नाहीत. नवं काम अंगावर उलटलं तर डबा बंद करून चालू करायचा, सगळं पूर्वीसारखं. दोन दिवस बघू, मग सेव्ह करू. यात गैर काही नाही. चिकट्याने गैर केलं ते एवढंच, की कामाच्या नोंदवहीत शुक्रवारीच सगळ्या खणांत बरोबरच्या खुणा करून टाकल्या. शेवटचा खण ‘सेव्ह केले’ असा होता. त्यातही केली. सोमवारी करणारच होता ना!

सोमवारी मॅडमनी सगळ्यांसमोर त्याचं नाव घेतलं. दिवसभर लोक चहा पाजत होते. स्वारी अशी काही तरंगत होती की सेव्ह करायचं राहिलं ते राहिलंच. डब्यांना बॅटरीचा आधार असल्यामुळे वीज गेली तरी ते बंद पडत नव्हते. आठ महिने कोणाला पत्ता लागला नाही, त्याला स्वतःलाही नाही.

मग त्या बॅटऱ्या जुन्या झाल्या. भावोजींनी रीतसर अर्ज दिला, वेळ ठरवली: सकाळी सात, बाह्यरुग्ण विभाग उघडायच्या आत. दहा मिनिटं डब्यांची वीज बंद राहणार होती. “तू असशील का?” त्यांनी विचारलं होतं. “मी कशाला? डबे आपोआप उठतात,” असं म्हणून चिकट्या त्या सकाळी घरी दाढी करत होता.

साडेसातला फोन आला. तो पोचला तेव्हा तळमजल्याच्या खोलीत डब्यावरचे सगळे हिरवे दिवे एकदम लुकलुकत होते, थांबायचं नाव नाही. असे दिवे कशाने होतात हे त्याला पाठ होतं. पण ते होणं शक्यच नव्हतं, शिस्त त्याने स्वतः लावली होती! म्हणून त्याने बाकी सगळं तपासलं. चौथ्या मजल्याची वायर काढली, लावली. पाचव्याची काढली, लावली. नऊ वाजले. केसपेपरची रांग फाटकापर्यंत गेली. लॅबचे लोक रिपोर्ट हाताने लिहून जिन्याने पळत होते. दोन ऑपरेशनं पुढे ढकलली, त्यातली एक बाई आदल्या रात्रीपासून उपाशी होती. आणि एका कोपऱ्यात भावोजी गुडघ्यांवर बसून पुन्हा पुन्हा मीटर लावत होते. “माझ्याकडून तर बरोबर येतंय रे. बघ की, दोनशे तीस.”

सव्वादहाला चिकट्याने अखेर आपला लॅपटॉप थेट डब्याला जोडला आणि हुकूम वाचले. शिस्त: बंद. तारीख: मागच्या वर्षीची, ठेकेदाराच्या वेळची.

एका नजरेत सगळं कळलं. त्याने मुकाट्याने दुसरी वायर उपटली आणि दिवे शांत झाले. वरून कोणीतरी “आलं, आलं!” म्हणून ओरडलं. तेवढ्यात दारात मॅडम. त्यांनी एकदा डब्याकडे पाहिलं, एकदा भावोजींकडे.

“विजेमुळे झालं का हे?”

“वीज बंद करून चालू केली,” चिकट्या म्हणाला, “त्यानंतरच सुरू झालं, मॅडम.”

यातला एक शब्द खोटा नव्हता. भावोजी हातातल्या मीटरकडे बघत उभे राहिले. दुपारी चिकट्याने खोलीला आतून कडी घातली, पाचही डब्यांचे हुकूम पुन्हा टाकले, सेव्ह केले, परत एकदा सेव्ह केले. नोंदवहीत काही करायची गरजच नव्हती. खूण आधीच होती.

चौकशी झाली. भावोजी म्हणाले, मी नियमाने केलं. मग असं झालं कसं, याला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं, कारण डब्याच्या पोटात काय चालतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते ज्याला ठाऊक होतं त्याच्याकडून लेखी मत मागवलं. चिकट्याने लिहिलं, ‘वीजपुरवठा पूर्ववत करताना दाब कमी-जास्त झाला असल्यास असे होऊ शकते.’ एवढ्या एका ओळीसाठी त्याने चार कागद फाडले होते. भावोजींच्या नावावर तिसाव्या वर्षी पहिला शेरा पडला. निवृत्तीला पाच महिने होते. तोवर विजेच्या पॅनेलला हात लावायचा नाही, पंखे-बल्बच्या तक्रारी लिहून घ्यायच्या, असा हुकूम निघाला.

चिकट्याने मनाशी वकिली चालवली. पेन्शनला धक्का नाही. पाच महिन्यांनी ते घरीच बसणार, एका शेऱ्याने काय बिघडतं? आपल्याला अजून वीस वर्षं काढायचीत. मुद्दे सगळे बिनतोड होते, तरी रोज सकाळी तो मागच्या जिन्याने वर जाऊ लागला, कारण पुढच्या जिन्याजवळ तक्रारींचं टेबल होतं.

आठवड्याने संध्याकाळी भावोजी त्याच्या घरी आले. बायकोने पाणी दिलं, ते हातातच राहिलं. “तुझं इतकं चांगलं काम,” ते म्हणाले, “माझ्यामुळे खराब झालं. चारचौघांत तुझी शोभा झाली. मी खूप आठवून बघितलं रे, कुठे चुकलो ते सापडत नाही. पण चुकलो असणारच. राग धरू नकोस.”

त्या वेळी तो बोलू शकला असता. खोलीत तिसरं फक्त त्याची बायको होती. “जाऊ द्या हो भावोजी,” चिकट्या म्हणाला. “वय झालं की होतं असं.”

ते गेल्यावर बायको म्हणाली, बरं केलंत, त्यांचं मन राखलंत. त्याला तिच्याकडे बघवेना. स्वतःची चूक दुसऱ्याच्या पदरात घालून वर त्यालाच क्षमा करणारा माणूस किती हलका असतो, हे त्याला त्या संध्याकाळी आरशात बघावं तसं दिसलं. लाज वाटणं म्हणजे गाल तापणं, असं त्याला आजवर वाटत होतं. ही तशी नव्हती. ही जेवताना घासाबरोबर यायची, चिठ्ठी लिहिताना बोटांत यायची, कोणी “चिकटराव, तुमचं काम म्हणजे बघायला नको” म्हटलं की मानेवर बसायची. तीनदा तो तक्रारींच्या टेबलापर्यंत गेला. एकदा त्याने आपल्या खोलीतला पंखा आवाज करतो अशी तक्रार लिहवून घेतली, आणि परत आला. पंखा ठणठणीत होता.

चार महिने असे गेले. मग एका रविवारी ताईचा फोन. “स्वयंपाकघरातला बोर्ड जळलाय. वायरमन बोलावलाय, तू जरा येऊन उभा राहतोस का?”

“बाहेरचा वायरमन? आणि भावोजी काय करतायत?”

ताईने आवाज खाली आणला. “ते हात लावत नाहीत रे. कशालाच नाही. परवा शेजारच्यांची इस्त्री परत पाठवली.”

तो गेला. वायरमन स्टुलावर चढला होता, भावोजी खाली विजेरी धरून उभे. ज्या घरातली वायर न वायर त्यांनी स्वतः ओढली होती, त्या घरात ते परक्या माणसाला उजेड दाखवत होते.

“काका, तुम्ही याच लाइनीतले ना?” वायरमन म्हणाला. “हे तर तुमचं पाच मिनिटांचं काम.”

“होतो,” भावोजी म्हणाले. “आता हात चुकतो माझा. कोणाला काही झालं तर? तुम्हीच करा. आणि परत एकदा बघून घ्या हं.”

वायरमनने काम संपवलं, हात पुसले. भावोजी आतल्या खोलीत गेले आणि कापडी पिशवी घेऊन आले. पक्कड, पेचकस, टेस्टर, तो मीटर. “हे घेऊन जा तुम्ही. चांगली हत्यारं आहेत. घरात दिसली की उगाच हात शिवशिवतात.” वायरमन नको नको म्हणत हात पुढे करत होता.

“ती पिशवी ठेवा खाली,” चिकट्या म्हणाला.

त्याचा आवाज एवढा मोठा निघाला की ताई बाहेर आली. वायरमन बिचारा गोंधळला, आपली मजुरी घेऊन निघून गेला. दार लागलं. चिकट्याला बसवेना आणि उभंही राहवेना.

“भावोजी, तुमचा हात चुकला नव्हता. त्या दिवशी माझं चुकलं. आठ महिने आधीच चुकलं होतं.” आणि मग त्याने सगळं सांगितलं. सेव्ह न करण्याची रीत, शुक्रवारची खूण, तो सोमवार, कडी लावून काढलेली दुपार, ते लेखी मत. मध्ये थांबला असता तर पुन्हा बोलता आलं नसतं, म्हणून थांबला नाही.

भावोजी ऐकत होते. थप्पड बसेल, असं त्याला वाटलं. बसावी, असंही वाटलं.

“म्हणजे,” भावोजी हळूच म्हणाले, “माझं कनेक्शन बरोबर होतं?”

“बरोबर होतं.”

“दाब?”

“बरोबर होता.”

“चहाच्या आधी दोनदा बघितलं होतं. नंतर एकदा. तिन्ही वेळा बरोबर?”

“तिन्ही वेळा, भावोजी.”

भावोजी मटकन खुर्चीत बसले आणि हसले. “अगं, ऐकलंस का?” ते ताईला म्हणाले, जसं काही पोराचा निकाल लागला होता. “माझा हात चुकला नव्हता!” चिकट्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. ते रागावले असते तर त्याला कुठेतरी तोंड लपवता आलं असतं. आनंदाने फुललेल्या त्या माणसासमोर लपायला जागा नव्हती.

त्यांनी फोन उचलला. पहिला त्यांच्या जुन्या मदतनिसाला. “अरे, तो बॅटऱ्यांचा दिवस आठवतो ना? आपलं काम चोख होतं. हो, आत्ताच कळलं... कोणाचं? ते सोड रे. डब्यातच काहीतरी होतं.” दुसरा भांडारप्रमुखाला. “चूक? कोणाचीच नाही. मशीन आहे, होतं कधी कधी.”

ताई दारात उभी होती. ती नवऱ्याकडे बघत नव्हती, भावाकडे बघत होती. “डब्याचं कशाला सांगताय?” ती म्हणाली. “नाव सांगा ना.” भावोजींनी नुसता हात हलवला, जाऊ दे म्हणून, आणि तिसरा फोन लावला. मॅडमना.

“मॅडम, रविवारचा त्रास देतो. त्या चौकशीचं जरा... नाही, माझी चूक नव्हती असं कळलं. कोणी सांगितलं? तसं कोणी नाही, मीच आपला...” तीस वर्षांत भावोजींना खोटं बोलायची वेळ आली नव्हती. त्यांना ते जमत नव्हतं.

चिकट्याने हात पुढे केला. “फोन द्या इकडे.” भावोजी मान हलवत राहिले, तेव्हा त्याने तो त्यांच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतला.

“मॅडम, मी बोलतोय. भावोजींनी काही चुकवलं नव्हतं. मी सेटिंग सेव्ह केलं नव्हतं, आणि वहीत केलं म्हणून लिहिलं होतं. त्याच दिवशी मला कळलं होतं. तुम्ही दारात उभ्या होतात तेव्हा कळलेलं होतं.”

“हे लेखी द्याल?” मॅडमनी विचारलं.

“देतो.”

फोन ठेवला तेव्हा ताईने टेबलावर कोरा कागद आणि पेन आणून ठेवलं होतं. तिने खुर्ची ओढून दिली आणि तो पहिली ओळ लिहीपर्यंत ती तिथून हलली नाही.